परदेशातला ट्रेडमार्क : सर्टिफिकेट आहे, वापराचा कागद आहे का?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत एकच काळजी पुन्हा पुन्हा दिसली. परदेशात ट्रेडमार्क नोंदवला, सर्टिफिकेट कपाटात जपून ठेवलं, आणि काही वर्षांनी कुणीतरी म्हणतं की हा मार्क वापरात नाही, रद्द करा. गेली बावीस वर्षं मी हेच काम करते. नोंदणी मिळवताना माणसं दमतात, पण मिळालेली नोंदणी हातातून जाताना ती किती हतबल होतात ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणून या वेळचं सगळं सदर या एकाच विषयाला दिलं आहे. पत्रं थोडी आखूड केली आहेत, नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही औद्योगिक व्हॉल्व्ह बनवतो. सात वर्षांपूर्वी युरोपियन युनियनचा ट्रेडमार्क घेतला आणि दहा वर्षांची फी भरली. आता तिथल्या एका स्पर्धकाने 'वापर नाही' म्हणून तो रद्द करण्याचा अर्ज केला आहे. आमचा माल फक्त नेदरलँड्स आणि बेल्जियमला जातो, तोही एकाच वितरकामार्फत. अलीकडे तर नव्या व्हॉल्व्हपेक्षा सुटे भागच जास्त जातात. फी भरलेली असताना नोंदणी रद्द कशी होते? आणि वापर नाही हे त्याने सिद्ध करायचं, की वापर आहे हे आम्ही?

उत्तर : दहा वर्षं ही फीची मुदत आहे. वापराचं घड्याळ वेगळं चालतं आणि ते कुणी तुम्हाला दाखवत नाही. युरोपियन युनियनमध्ये नोंदणीनंतर सलग पाच वर्षं मार्कचा खरा वापर झाला नाही, तर कुणीही तो रद्द करायला सांगू शकतं. त्याचं तुमच्याशी भांडण असलंच पाहिजे असंही नाही. हा नियम एकट्या युरोपचा नाही. ट्रेडमार्क-पेटंटविषयीच्या आंतरराष्ट्रीय पॅरिस करारातच म्हटलं आहे की ज्या देशात वापर सक्तीचा आहे, तिथे वाजवी मुदत गेल्यावर आणि मालकाला आपल्या निष्क्रियतेचं समर्थन करता आलं नाही तरच नोंदणी रद्द करता येते. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स (बौद्धिक संपदेविषयीच्या) कराराच्या कलम १९ ने त्या मुदतीला किमान तीन वर्षांचा तळ घातला. त्यामुळे कुठे तीन वर्षं, कुठे पाच. चीन, जपान, कॅनडा तीन. ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती पाच. मार्क नोंदवलात त्या प्रत्येक देशापुढे हा आकडा लिहून ठेवायला हवा.

सिद्ध तुम्हीच करायचं. फेरारीच्या 'टेस्टारोसा' प्रकरणात २०२० साली युरोपीय न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलं, कारण वापराचे कागद असतात ते मालकाकडेच. त्याच निकालात तुमच्या उपयोगाची आणखी एक गोष्ट आहे : सुटे भाग त्या मार्कखाली विकणं हाही वापर धरला जाऊ शकतो. २००३ च्या 'मिनिमॅक्स' निकालात हाच विचार अग्निशामक उपकरणांच्या बाबतीत आला होता. आधी विकलेल्या उपकरणांचे भाग आणि त्यांची देखभाल मार्कखाली चालू असेल, तर मार्क जिवंत धरता येतो. तेव्हा सुटे भाग जातात म्हणून कमीपणा मानू नका, ती बिलं सर्वांत आधी काढा.

दोनच देश असल्याचीही धास्ती नको. २०१२ च्या 'ओनेल' निकालानुसार युनियनमधल्या देशांच्या सीमा बाजूला ठेवून वापर मोजायचा असतो. किती देश हवेत असा ठरावीक आकडा नाही. एकच वितरक असणंही आडवं येत नाही. एकट्या आयातदाराला केलेली विक्रीसुद्धा पुरू शकते असं २००४ च्या 'ला मेर' प्रकरणात न्यायालयाने म्हटलं. फक्त ती विक्री खरी हवी, बाजारात जागा मिळवण्यासाठी केलेली. निव्वळ नोंदणी टिकावी म्हणून दाखवायला पाठवलेला माल चालत नाही.

एवढं असूनही माणसं हरतात. का हरतात ते माझ्याच एका फायलीवरून सांगते.

काही वर्षांपूर्वी बिजागऱ्या, कुलपं आणि दारांच्या मुठी बनवणारे एक उद्योजक माझ्याकडे अशीच नोटीस घेऊन आले. बरोबर तीनशेहून जास्त कागदांची पेटी होती. त्यांना वाटलं एवढा कागद बघून समोरचा गप्प बसेल. मी टेबलावर एकेक बिल पसरत गेले. तारीख होती, ग्राहकाचा पत्ता होता, रक्कम होती. मालाच्या रकान्यात मात्र फक्त कोड आणि नग : 'एच-२०४, ५०० नग'. मार्कचं नाव एकाही बिलात नाही. मग फोटो काढले. मार्क ठसठशीत होता, पण तारीख नाही, जागा कळत नाही. तो खोका युरोपात पोचला की कारखान्यातच राहिला हे सांगायला फोटोला तोंड नाही. कॅटलॉग सुंदर छापलेला, त्यावर छपाईचं वर्ष नाही. प्रत्येक कागद अर्धं बोलत होता आणि अर्धी अर्धी वाक्यं एकमेकांना जोडता येत नव्हती.

आम्हाला वाचवलं ते एका परत आलेल्या खोक्याने. रॉटरडॅमच्या गोदामातून सदोष माल म्हणून तो परत आला होता आणि स्टोअरच्या कोपऱ्यात तसाच पडून होता. कडेला लेबल होतं : वर मार्क, खाली 'एच-२०४', त्याखाली लॉट नंबर. तोच लॉट नंबर पॅकिंग लिस्टवर होता, आणि पॅकिंग लिस्टचा क्रमांक बिलावर. त्या दिवशी मार्क, माल, तारीख आणि ठिकाण या चार गोष्टी एका दोऱ्यात आल्या. 'एच-२०४' म्हणजे ही मार्कवाली बिजागरी, हे ठरल्यावर त्या कोडची बाकीची सगळी बिलं बोलू लागली. बिजागऱ्यांची नोंदणी टिकली. कुलपं आणि मुठी गेल्या, कारण त्यांचा एकही खोका परत आला नव्हता. त्या गृहस्थांनी युरोपात कुलपं खरोखर विकली होती. मला याची खात्री होती, आणि तरी मला ते दाखवता आलं नाही. ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

म्हणून आजच हे करा. अर्जाच्या तारखेपासून मागची पाच वर्षं मोजा आणि त्या काळातलेच कागद वेगळे काढा. युरोपात चार गोष्टी बघतात : वापर कुठे झाला, कधी झाला, किती झाला आणि कशा स्वरूपात झाला. वितरकाला लिहा; त्याच्याकडची विक्रीची बिलं, त्याचा दरपत्रक-कॅटलॉग, त्याच्या दुकानातल्या मांडणीचे फोटो मागवा. कंपनीतल्याच माणसाने केलेलं प्रतिज्ञापत्र जोडाच, पण त्यावर विसंबू नका. बाहेरच्या कागदांचा आधार नसेल तर त्याला वजन येत नाही.

मोठ्या कंपन्याही इथेच अडखळतात. मॅकडोनाल्ड्सचा 'बिग मॅक' हा मार्क कुणाला माहीत नाही? तरी आयर्लंडच्या सुपरमॅक्स या खाद्यपदार्थांच्या साखळीने वापरावर आक्षेप घेतला तेव्हा २०१९ च्या जानेवारीत युरोपियन ट्रेडमार्क कार्यालयाने तो रद्द केला. पुराव्यात कंपनीच्या अधिकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, वेबसाइटची पानं, माहितीपत्रकं आणि चक्क विकिपीडियाचं पान होतं. अपिलात पुढचे पुरावे देऊन त्यांनी बराचसा भाग परत मिळवला. पण ५ जून २०२४ ला युरोपियन युनियनच्या जनरल कोर्टाने चिकन सँडविचसाठीची नोंदणी काढून घेतली. जाहिरातीची चित्रं होती, फेसबुकची पानं होती. किती विकलं, काय दराने आणि किती काळ, हे मात्र त्यातून कळत नव्हतं. मार्क घरोघरी माहीत असणं आणि अमुक मालासाठी त्याचा वापर कागदावर दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रश्न : आमची हातअवजारांची कंपनी आहे. माद्रिद पद्धतीने (एकाच आंतरराष्ट्रीय अर्जातून अनेक देशांत नोंदणी मागण्याची सोय) अमेरिकेत संरक्षण मिळवलं तेव्हा यादीत २३ वस्तू लिहिल्या. प्रत्यक्षात तिथे चारच विकल्या जातात. आता सहावं वर्ष चालू आहे आणि वापराचं प्रतिज्ञापत्र द्यायचं आहे. सल्लागार म्हणतात, सगळ्यांसाठी सही करून टाका, कोण बघायला येतंय?

उत्तर : सही करू नका. पुढच्या वाक्यांपैकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे राहू द्या.

अमेरिकेत परदेशी अर्जदाराला सुरुवातीला वापर न दाखवताही नोंदणी मिळते, आणि तिथेच लोक सैल होतात. पण पाचव्या आणि सहाव्या वर्षाच्या दरम्यान शपथेवर सांगावं लागतं की या या वस्तूंवर मार्क अमेरिकेतल्या व्यापारात वापरात आहे. माद्रिद मार्गाने आलेल्यांसाठी हे त्यांच्या कायद्याच्या कलम ७१ खाली येतं. तारीख चुकली तर जादा फी भरून सहा महिन्यांची सवलत मिळते, त्यानंतर नोंदणी संपते. कुणी विरोधक लागत नाही, ती आपोआप संपते. पुढे दहाव्या वर्षाच्या आधीच्या वर्षात पुन्हा तेच.

कोण बघायला येतंय या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे : कार्यालय स्वतः बघतं. काही प्रतिज्ञापत्रं निवडून यादीतल्या इतर वस्तूंचाही पुरावा मागितला जातो. शिवाय २७ डिसेंबर २०२१ पासून कुणालाही अर्ज करता येतो की अमुक वस्तूवर हा मार्क अमेरिकेत कधी वापरलाच गेला नाही, तेव्हा ती वस्तू काढा. नोंदणीला तीन वर्षं झाल्यावर आणि दहा वर्षं होण्याआधी हा अर्ज करता येतो, आणि त्याची फी वर्गामागे (म्हणजे वस्तूंच्या ठरलेल्या गटामागे) ४०० डॉलर आहे. म्हणजे तुमच्या १९ वस्तू काढायला स्पर्धकाला मोठा खटला लढावा लागत नाही. आणि तुम्ही जाणूनबुजून खोटं लिहिलं असं निघालं तर प्रश्न १९ वस्तूंपुरता राहत नाही, खऱ्या चार वस्तूंची नोंदणीही धोक्यात येते. त्या चार तुमचं पोट आहेत. त्यांच्यासाठी बाकीच्या आजच कमी करा.

चार वस्तूंसाठी मालावर किंवा वेष्टनावर मार्क दिसणारा फोटो लागेल. वेबपेजचा नमुना देणार असाल तर त्यावर पत्ता आणि पान पाहिल्याची तारीख हवी. नुसती जाहिरात, अवजार विकलं किंवा पाठवलं गेलेलं नसताना, अमेरिकेत वस्तूंसाठी वापर ठरत नाही. आणि सलग तीन वर्षं वापर थांबला तर मार्क सोडून दिला असं प्रथमदर्शनी धरलं जातं. पुन्हा सुरू करण्याचा इरादा होता हे मग तुम्हाला दाखवावं लागतं.

तुमच्या पत्राच्या शेवटी मेक्सिको आणि फिलिपिन्सचा ओझरता उल्लेख आहे म्हणून सांगते. तिथेही न विचारता वापराचं निवेदन द्यावं लागतं. मेक्सिकोत १० ऑगस्ट २०१८ पासून मिळालेल्या नोंदणीला तीन वर्षं झाली की पुढच्या तीन महिन्यांत. फिलिपिन्समध्ये पहिलं निवेदन अर्जाच्या तारखेपासून तीन वर्षांत, नोंदणीच्या तारखेपासून नव्हे. ही तारीख भल्याभल्यांची चुकते.

प्रश्न : आमचे प्रवासी दिवे चीनमधल्या कंत्राटी कारखान्यात बनतात आणि तिथून थेट दुसऱ्या देशांत जातात. चीनमध्ये एकही विकला जात नाही. मार्क दुसऱ्या कुणी बळकावू नये म्हणून तिथे नोंदवला होता. आता तीन वर्षं वापर नाही म्हणून अर्ज झाल्याचं कळलं. आम्ही संपलो का?

उत्तर : नाही. पण तुमच्याकडे वेळ फार थोडा आहे. चीनच्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ४९ खाली कुणीही असा अर्ज करू शकतं, आणि नोटीस मिळाल्यापासून पुरावा द्यायला दोन महिने मिळतात. पहिला फोन तिथल्या एजंटाला करा आणि नोटीस नेमकी कधी पोचली ते विचारा. जुना एजंट बदललेला असेल, पत्ता बदललेला असेल, तर दोन महिन्यांतले पाच आठवडे कुणाच्या तरी टेबलावर गेलेले असतात. मी असं होताना पाहिलं आहे.

चीनमध्ये जो आधी अर्ज करतो त्याचं पारडं जड असतं, म्हणून तुम्ही नोंदणी केलीत ते शहाणपणाचं होतं. फक्त निर्यातीसाठी बनलेल्या मालाबद्दल बीजिंगच्या उच्च न्यायालयाने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे की माल चीनमध्ये फिरला नाही, थेट निर्यात झाला, तरी नोंदणी कायम ठेवण्याची मालकाची मागणी मान्य करता येते. तुमचा सगळा बचाव या वाक्यावर उभा राहील, पण त्याच्याखाली कागद घालावे लागतील. कारखान्याशी झालेल्या करारात मार्कचं नाव आहे का? प्रत्येक ऑर्डरमध्ये 'दिव्याच्या पायावर हा मार्क' असं लिहिलं आहे का? लेबल किंवा साचा मंजूर केल्याचा ईमेल आहे का? निर्यातीच्या कस्टम घोषणेत ब्रँड लिहिला आहे का, आणि तो माल तुमच्याच दिव्यांचा आहे हे बिल ऑफ लेडिंगवरून, म्हणजे जहाजात माल चढल्याच्या पावतीवरून, जुळतं का? कारखाना तुमच्या परवानगीने आणि तुमच्या नियंत्रणाखाली मार्क लावतो हे दिसलं की त्याचा वापर तुमचा वापर धरला जातो.

नोंदणी झाल्याची जाहीर सूचना किंवा नुसता परवाना करार मात्र वापर म्हणून दाखवू नका. प्रत्यक्ष मालावर मार्क गेलाच नसेल तर तिथे त्या कागदांना किंमत नाही.

आणि हे लढत असतानाच त्या मार्कचा नवा अर्ज तिथे टाकून ठेवा. ज्याने रद्द करायला अर्ज केला, त्याचा स्वतःचा अर्ज बहुतेक वेळा रांगेत मागे उभा असतो.

प्रश्न : कंपनीने दोन वर्षांपूर्वी लोगो बदलला. नोंदणी जुन्या लोगोची आहे. वापर नव्याचा. चालेल?

उत्तर : किती बदलला यावर आहे. पॅरिस करारानुसार मार्कची वेगळी ओळख ज्यात आहे तो भाग तसाच राहिला असेल, तर किरकोळ फरकाने वापरलेला मार्कही वापर ठरतो. अक्षरांचं वळण बदललं, रंग बदलला, चौकट गेली, एवढ्याने सहसा बिघडत नाही. शब्दच बदलला किंवा चित्र काढून टाकलं आणि ओळख त्या चित्रातच होती, तर बिघडतं. तुम्ही पाठवलेल्या दोन्ही लोगोंमध्ये शब्द तोच आहे, पण जुन्यातला पक्षी नव्यात नाही, आणि माझ्या मते तो पक्षीच लोक ओळखत होते. नव्याची नोंदणी करा. युरोपात नवा स्वतंत्र नोंदवल्याने जुन्याचा वापर दाखवायला अडथळा येत नाही. 'प्रोटी' प्रकरणात २०१२ साली हे स्पष्ट झालं आहे. आणि पहिल्यांदा मार्क नोंदवणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं असतं की शब्द साध्या अक्षरांत वेगळा नोंदवा. लोगो दर काही वर्षांनी बदलतात, शब्द टिकतो.

प्रश्न : ब्रेक्झिटनंतर आमच्या युरोपियन मार्कची ब्रिटनमध्ये आपोआप वेगळी नोंदणी झाली. माल जर्मनी-फ्रान्सला जातो. ब्रिटनची नोंदणी सुरक्षित आहे ना?

उत्तर : आता नाही. १ जानेवारी २०२१ च्या आधी युनियनमध्ये झालेला वापर ब्रिटनमध्येही मोजला जात होता. त्या दिवसानंतरचा वापर ब्रिटनमधलाच हवा, आणि २०२५ संपताना त्याला पाच वर्षं पूर्ण झाली. ब्रिटनमध्ये विक्री करायची असेल तर आता करा, नसेल तर ती नोंदणी ढाल म्हणून धरून चालू नका.

प्रश्न : वापर न करता पाच वर्षं होत आली की त्याच मार्कचा नवा अर्ज करायचा, म्हणजे पुन्हा पाच वर्षं मिळतात, असं एका जाणकारांनी सांगितलं. आणि रद्द करण्याची धमकी आलीच तर लगेच थोडा माल पाठवून द्यायचा. हे बरोबर आहे?

उत्तर : दोन्ही सल्ले ऐकून मला वाईट वाटलं, कारण असे सल्ले देणाऱ्याचं नुकसान होत नाही, ऐकणाऱ्याचं होतं.

वापर सिद्ध करावा लागू नये म्हणूनच पुन्हा अर्ज केला, हे उघड झालं की तो वाईट हेतूने केलेला अर्ज ठरू शकतो. खेळ बनवणाऱ्या हासब्रो कंपनीच्या 'मोनोपॉली' मार्कचं तेच झालं. आधीच्या नोंदण्या असताना त्यांनी पुन्हा अर्ज केला. वापराचा पुरावा द्यावा लागू नये हा एक फायदा त्यात होता हे त्यांच्याच बाजूने मान्य केलं गेलं, आणि २१ एप्रिल २०२१ ला जनरल कोर्टाने त्या मार्कचा बराचसा भाग अवैध ठरवणारा निर्णय कायम केला. व्यवसाय बदलला, वस्तू वाढल्या, लोगो नवा आला म्हणून केलेला अर्ज वेगळा. मघाशी चीनमध्ये नवा अर्ज टाका म्हणाले, तिथे माल खरोखर बनतो आहे. तो फरक ध्यानात घ्या.

धमकीनंतर पाठवलेल्या मालाचं उत्तर कायद्यात लिहिलेलंच आहे. युरोपियन युनियन, ब्रिटन आणि जपान या तिन्हीकडे, अर्ज येणार आहे हे कळल्यावर त्याच्या आधीच्या तीन महिन्यांत घाईने सुरू केलेला वापर धरत नाहीत. तयारी आधीपासून चालू होती हे दाखवता आलं तर युरोप आणि ब्रिटनमध्ये गोष्ट बदलते. म्हणून वितरक शोधत असाल, दरपत्रकं पाठवली असतील, लेबलं छापायला दिली असतील, तर ते ईमेल पुसू नका. ती तयारीच आहे.

फुकट वाटलेल्या भेटवस्तूंनीही मार्क वाचत नाही. ऑस्ट्रियातल्या एका कपडे कंपनीने ग्राहकांना मार्क असलेली पेयं फुकट दिली. पेयांसाठीचा तो वापर २००९ साली न्यायालयाने मानला नाही, कारण पेयांच्या बाजारात ती कंपनी उतरलीच नव्हती.

प्रश्न : आमच्या औषधाच्या चाचण्या चालू आहेत, परवानगी मिळेपर्यंत विक्री अशक्य आहे. हे कारण चालत नाही का?

उत्तर : तुमची अडचण खरी आहे, तरीही यावर विसंबू नका. ट्रिप्स करारात आयातबंदी किंवा सरकारी अटी यांसारखी मालकाच्या हाताबाहेरची कारणं मान्य आहेत. पण २०१९ साली युरोपीय न्यायालयाने 'बॉस्वेलन' प्रकरणात चाचण्यांचं कारण स्वीकारलं नाही. चाचणी कधी सुरू करायची, तिच्यात किती पैसा घालायचा आणि मार्क किती आधी नोंदवायचा, हे त्या कंपनीच्या हातात होतं. तेव्हा औषधाचं नाव फार लवकर नोंदवू नका. नोंदवून बसला असाल तर चाचणीतल्या प्रत्येक उशिराचा सरकारी कागद सांभाळा. उशीर कुणामुळे झाला, हाच तिथे मुद्दा असतो.

प्रश्न : मॅडम, मी एका लहान निर्यात कंपनीत हिशेब बघते. आमचा मार्क नऊ देशांत नोंदवलेला आहे. साहेबांनी सांगितलं, 'वापराचे पुरावे ठेवत जा.' कायद्यातलं मला काही कळत नाही. नेमकं काय ठेवू?

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. नोंदण्या बहुतेक वेळा वकिलाच्या नाही, तुझ्यासारख्या माणसाच्या हातून वाचतात.

आधी बिल बघ. मालाच्या वर्णनात कोडच्या आधी मार्कचं नाव येतं का? येत नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये वस्तूंच्या यादीत जाऊन ते एकदा घालून ठेव. पुढचं प्रत्येक बिल आपोआप पुरावा होईल. बिलाच्या वरच्या बाजूला कंपनीचं नाव म्हणून मार्क छापलेला असतो, तेवढ्यावर समाधान मानू नकोस. ते कंपनीचं नाव आहे, मालावरचा मार्क नाही, असा वाद होतो.

मग देशागणिक एक फोल्डर कर आणि त्याच्या पहिल्या पानावर चार गोष्टी लिही : नोंदणीची तारीख, त्या देशातली मुदत तीन वर्षं की पाच, यादीतल्या वस्तू, आणि त्यांतल्या आपण तिथे खरोखर विकतो त्या वस्तू. हे शेवटचं तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यात फरक दिसला की साहेबांना दाखव.

दर वर्षी प्रत्येक देशाच्या प्रत्येक वस्तूची तीन-चार बिलं पुरतात, पण वर्षभरात विखुरलेली घे. सगळी मार्चची नकोत. प्रत्येक बिलाला त्याची पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग किंवा एअरवे बिल जोडूनच ठेव. माल निघण्याआधी खोक्याच्या लेबलचा फोटो काढ, त्यात मार्क आणि लॉट नंबर एकाच चौकटीत यायला हवेत. फोटो कुणाच्या फोनमध्ये राहू देऊ नकोस, माणूस नोकरी सोडतो आणि फोटो त्याच्याबरोबर जातात. त्याच दिवशी फोल्डरमध्ये टाक आणि फाइलच्या नावात बिलाचा क्रमांक लिही.

कॅटलॉग छापायला जाईल तेव्हा शेवटच्या पानावर महिना आणि वर्ष टाकायला सांग. परदेशातल्या प्रदर्शनात गेलात तर स्टॉलच्या फोटोबरोबर आयोजकांची पावती ठेव. वर्षाच्या शेवटी देशवार, मार्कवार विक्रीचा आकडा काढून ऑडिटरची सही घे. कॅनडासारख्या ठिकाणी नोटिशीनंतर तीन महिन्यांत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि तेव्हा हा कागद तयार असला तर अर्धं काम झालेलं असतं. वितरकाचा करार नव्याने होईल तेव्हा त्यात एक ओळ घालायला सुचव, की तो दर वर्षी आपल्या विक्रीची काही बिलं आणि दुकानातले फोटो पाठवेल. नोटीस आल्यावर मागायला गेलं तर पूर्वीचा वितरक फोनही उचलत नाही.

हिशेबाचे जुने कागद ठरावीक वर्षांनी रद्दीत जातात. ते देण्याआधी नऊ फोल्डर एकदा उघडून बघ. आणि लेबल बदलेल त्या दिवशी जुन्या लेबलची एक पट्टी तारीख घालून चिकटवून ठेव, शेजारी नव्याची.